रोलरला रांगू द्या

"तुला काय गरज?" असं कुणी विचारलं, की दर्शना भोईर हातातलं काम आणखी घट्ट धरून बसते. हा प्रश्न ती लहानपणापासून ऐकत आली आहे. आंबिवलीजवळच्या गावात तिच्या वडिलांच्या, परशुराम भोईरांच्या, भातशेतावर चाळी उभ्या राहिल्या, भाडी येऊ लागली, आणि आता घरातल्या पोरींनी सोनं घालून लग्नांत मिरवावं असं सगळ्यांना वाटू लागलं. दर्शनाने अंबरनाथच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा कोर्स धरला.

"काय कमी हाय गो तुला?" आई गोदा म्हणाली. "पोरांच्यात एकटीच तारा ओढत बसशील?"

"बसेन," दर्शना म्हणाली, आणि बसली. पुढे लग्न झालं तेव्हा तिने माहेरचं नाव सोडलं नाही. सासरी कुरकुर झाली. कुरकुर थांबली, नाव राहिलं.

गेली काही वर्षं ती शहाडला चादरी रंगवणाऱ्या एका कारखान्यात मोटरी आणि पॅनेल सांभाळते. तिथे एक यंत्र आहे. रंगातून निघालेलं ओलं कापड दोन जाड रबरी रोलरमधून जातं आणि पिळून बाहेर पडतं. कापड आत सरकवायला मालनताई असतात, साताऱ्याकडच्या, वयाने दर्शनापेक्षा बऱ्याच मोठ्या. नियम सांगतो की कापडाचे काठ यंत्र बंद असताना सरळ करावेत. पण बंद यंत्रावर कापड कुठे ओढ घेणार हे दिसतच नाही. म्हणून तिथल्या बायका आधी यंत्र सुरू करतात, आणि ते हळूहळू रांगत असतानाच दोन्ही हातांनी काठ ताणून सरळ करतात. मालनताईंना हे त्यांच्या आधीच्या बाईने शिकवलं, तिला तिच्या आधीच्या.

यंत्र रांगतं ते ड्राइव्हमुळे. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी पॅनेलमधली पेटी. मोटरने किती वेळात पूर्ण वेग घ्यायचा, हा आकडा तिच्यात भरावा लागतो. इथे तो दहा सेकंद होता.

नवे मॅनेजर हरिहर आले आणि त्यांना ती दहा सेकंदं खुपू लागली. कापड तुटलं की थांबा, सुरू करा, पुन्हा रांगा. त्यातच वेगाच्या नॉबवरून येणारा सिग्नल थरथरत होता आणि रोलर मध्येच उचक्या देत होता.

"फिल्टर वाढव, थरथर जाईल," हरिहर म्हणाले.

फिल्टर म्हणजे सिग्नलमधली थरथर गाळणारी ड्राइव्हमधली सोय. दर्शनाने तो वाढवून पाहिला. थरथर गेली, पण मालनताईंनी नॉब मागे फिरवला तरी रोलर जरा उशिराच ऐकू लागला. तिने फिल्टर होता तसा ठेवला, आणि मोटरच्या जाड केबलला चिकटून गेलेली नॉबची बारीक वायर काढून दुसऱ्या बाजूने नेली. उचक्या थांबल्या. हरिहरांनी मान डोलावली. तिथवर सगळं गोडीत होतं.

"आता वेग घ्यायची वेळ दोन सेकंद कर."

"नाही करणार."

"म्हणजे?"

"मालनताईंचे हात तिथे असतात साहेब. आधी रोलरपुढे जाळी बसवा. मग दोन काय, एक करते."

"हात तिथे असायलाच नकोत! ही सवय चुकीची आहे, तूच सांग."

"चुकीचीच आहे. पण सवय मोडेपर्यंत बोटं मोडतील."

"इमर्जन्सीचं बटण आहे ना?"

"त्या पलीकडच्या खांबावर. हात आत अडकल्यावर दाबायला कोण जाणार?"

मालनताईंनीच दर्शनाची बाही ओढली. "अगं, कर की त्यांच्या मनासारखं. आम्ही घेऊ सांभाळून. तुझी नोकरी कशाला घालवतेस?"

"तुम्ही गप्प बसा," दर्शना म्हणाली.

हरिहरांना ड्राइव्ह लावता येत होता, उगाच खोटं कशाला बोला. ते पॅनेलपाशी गेले, बटणं दाबून आकडा बदलला आणि दार लावलं. "झालं. मालनताई, चला."

मालनताई निघाल्या. दर्शनाने त्यांना कोपराने बाजूला सारलं, रोलरपुढे उभी राहिली आणि ओल्या कापडाचे काठ दोन्ही हातांत धरले, जिथे मालनताई रोज धरतात तिथेच.

"दाबा बटण."

"वेडेपणा करू नकोस. हात काढ, मी मोकळं चालवून दाखवतो."

"मोकळं चालेलच हो. रोज इथे मालनताई उभ्या राहतात तेव्हा तुम्ही वेडेपणा म्हणत नाही. माझे हात काय सोन्याचे आहेत?"

"तुझ्या घरी चाळींची भाडी येतात, म्हणून ही मस्ती!"

"म्हणूनच. ह्यांना नाही म्हणता येत नाही, मला येतं. दाबा."

हरिहरांचं बोट हिरव्या बटणावर होतं. शेडमधल्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. बोट तिथेच राहिलं, मग न दाबताच मागे आलं.

"लाव परत तुझा आकडा," ते म्हणाले. "आणि उद्यापासून गेटवर दिसू नकोस."

"दिसणार. जाळी बसेपर्यंत रोज दिसणार. नंतर काढा हवं तर."

तिने आकडा परत लावला आणि मालनताईंकडे वळली. "आणि तुम्हीही ऐका. जाळी बसली की हात आत न्यायचा नाही. पहिल्या बाईने शिकवलं, दुसऱ्या बाईने शिकवलं, काही ऐकून घेणार नाही."

"आता आमच्यावरही राग?"

"तुमच्यावर आधी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने तिला गेटवर अडवलं. "ताई, तुम्हाला सोडू नको म्हणालेत."

"मग बोलाव त्यांना. मी जाळीचं माप घ्यायला आलेय." ती मेजर टेप घेऊन गेटच्या मधोमध उभी राहिली, आतबाहेर जाणाऱ्या टेम्पोंनी हॉर्न वाजवले तरी हलली नाही.

हरिहरांची गाडी आली ती त्या टेम्पोंच्या मागे अडकली. ते उतरून चालत पुढे आले. तिच्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि वॉचमनला गेट उघडायची खूण केली.

"नुसतं पुढचं नको," जाता जाता ते म्हणाले. "मागच्या बाजूचंही माप घे."

"मागचं कालच घेतलंय," दर्शना म्हणाली.