वन्संबरोबर बँकॉकच्या बाजारात

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, या पृथ्वीतलावर कशाचीही भीती वाटत नाही. त्यांच्या वाटणीची सगळी भीती देवाने मला देऊन टाकली आहे. मखमलाबादला त्यांचा भाजीचा मळा. मुलगा अंबडच्या कारखान्यात लागला, घराला बरे दिवस आले आणि वन्संना परदेशी सहलींचा नाद लागला. तिथली देवळं, समुद्र, उंच इमारती यांच्याशी त्यांना कर्तव्य नसे. त्यांना बाजार हवा, आणि शहाणा माणूस ज्या वस्तूला हातही लावणार नाही, ती अंगावर मिरवत नाशकात परतायला हवं. काठमांडूहून आणलेला जीभ काढलेल्या राक्षसाचा मुखवटा त्यांनी गोठ्याच्या दारावर टांगला. म्हैस आटली, मुखवटा हलला नाही. दुबईच्या, टाचेत दिवे लागणाऱ्या सोनेरी चपला त्यांनी लासलगावच्या एका लग्नात नऊवारीखाली घातल्या. सिंगापूरची चेरीचे घोस लावलेली टोपी घालून मार्केट यार्डात कोथिंबीर विकायला उभ्या राहिल्या, तेव्हा व्यापारी बोली विसरून टोपीकडेच बघत बसला. "बघंना का," वन्सं म्हणाल्या, "त्याला काय पैसं पडत्यात?"

दोन हजार सालानंतर कधीतरी आम्ही त्यांच्याबरोबर बँकॉकला गेलो. दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांचं पोट बिघडलं. हॉटेलात झोपल्या झोपल्या त्यांनी मला बजावलं, "ताईला नजरेआड होऊ देऊ नकोस." झालं, मी सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये घातले आणि चेन दोनदा ओढून पाहिली.

तो बाजार म्हणजे गल्लीत गल्ली, त्या गल्लीत आणखी गल्ली. वन्सं पुढे, मी त्यांच्या पदराच्या रोखाने मागे. खिसेकापू, परक्या मुलखातले पोलीस, मुंबईच्या विमानतळावरचे कस्टमवाले, सगळे मला एकदमच दिसत होते. वन्सं मात्र दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला की तोंड कडू करून म्हणायच्या, "लय हाय बाबा, लय हाय!" आणि तो मुकाट्याने आकडा उतरवायचा. मोरपिसांची पर्स झाली, बेडकाच्या आकाराची छत्री झाली, वाघाच्या पट्ट्यांचा कोट झाला. नाशकात हा कोट कुठे घालणार, असं विचारलं तर म्हणाल्या, "पाणी भरायला. थंडीचं."

मी चपलेचा सुटलेला पट्टा लावायला वाकले. मान वर केली तर वन्सं नाहीत.

आधी हाक मारली, मग ओरडले. त्यांचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये. हॉटेलचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्या त्याला 'हत्तीवालं' म्हणायच्या, आणि त्या शहरात दर चौकात हत्ती. मराठीखेरीज त्यांना भाषा येत नव्हती. मी दिसेल त्या गल्लीत शिरत होते. ह्यांना काय सांगू? मखमलाबादला काय तोंड दाखवू? एका अंधाऱ्या बोळाच्या तोंडाशी तर पाऊलच उचलेना.

तेवढ्यात पलीकडून ओळखीचा आवाज आला. वन्सं एका मासेवालीपुढे उभ्या होत्या. छातीपर्यंत हात नेऊन माझी उंची दाखवत होत्या, डोळ्यांपुढे बोटांचा चष्मा करत होत्या. "माझी भावजय, बाई! हरावली! लय भित्री हाय हो ती!" पदर खांद्यावरून घसरला होता.

"वन्सं!"

त्यांनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली. "कुठं गेली व्हतीस? भावाला काय सांगितलं असतं मी?"

"अहो, तुम्हीच..." म्हणता म्हणता मी थांबले. त्यांचे हात रिकामे होते. "पिशव्या कुठे आहेत?"

त्यांनी हातांकडे पाहिलं. "ठिवल्या आसतील. तू दिसंना, तवा पळालेच मी."

"चला, शोधू. मिळतील."

वन्संनी समोरच्या गल्लीकडे, तिच्यातून लोटणाऱ्या माणसांकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर सावरून हळूच म्हणाल्या, "नगं. गर्दी लय हाय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वन्संचं वय दिसलं. टॅक्सीत बसेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही, आणि दुखत असूनही मी तो सोडवून घेतला नाही.