पुंजाराम गांगुर्डे आणि संध्याकाळचा कोर्स

सातपूरच्या कॉलनीत कुणी नवा कुकर घेतला तर त्याची पहिली शिटी व्हायच्या आत बातमी नळावर पोचते. तेव्हा पुंजाराम गांगुर्डे मॅनेजर होणार ही बातमी मागे राहणं शक्यच नव्हतं. त्या बातमीत खोट एवढीच, की खुद्द पुंजारामला ती ठाऊक नव्हती.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. पुंजाराम एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कंपनीत सुपरवायझर. गाव कळवणकडचं. आयटीआय करून लेथवर लागला, नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए. झाला आणि हळूहळू निळ्या शर्टातून पांढऱ्या शर्टात आला. त्याच्या शॉपचा फोरमन दोन वर्षांनी रिटायर होणार होता आणि त्या खुर्चीवर पुंजारामचा डोळा होता. कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायको आणि गल्ली यांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. मधेच कंपनीने बोर्डावर नोटीस लावली, की यापुढे फोरमन आणि त्यावरच्या जागांसाठी मॅनेजमेंटचा डिप्लोमा पाहिजे. शहरात नोकरदारांसाठी तसा कोर्स निघालाच होता. रोज संध्याकाळी वर्ग, दोन वर्षं.

पुंजाराम घरी नुसतं म्हणाला, "असा असा एक कोर्स आहे म्हणे." लताबाईंनी त्यातला 'म्हणे' गाळला आणि उरलेलं नळावर नेलं.

"आमचे हे साहेबलोकांचा कोर्स करतायत."

"मग आता तुम्ही नळावर दिसायच्या नाहीत म्हणा," सगुणाबाई म्हणाल्या.

"का हो?"

"साहेबिणी कुठं हंडे वाहतात?"

झालं. त्या दिवसापासून पुंजाराम सायकलवरून गल्लीत शिरला की ओट्यावरून "जयभीम, साहेब" सुरू. तो जयभीम घ्यायचा आणि साहेब टाळायचा, पण दोन्ही एकाच वाक्यात आल्यावर माणूस काय करणार? विहाराजवळच्या गायन पार्टीला वेगळीच धास्ती. ढोलकी पुंजारामची. दोन वर्षं ढोलकीवाला वर्गात बसला तर गाणी काय टाळ्यांवर म्हणायची?

पुंजारामच्या डोक्यात मात्र वेगळंच यंत्र फिरत होतं. शॉपमध्ये त्याचा एक नियम होता. लॉट कितीही घाईचा असो, पहिला पीस काढायचा, इन्स्पेक्शनला द्यायचा, पास झाला की मगच पुढे मशीन चालवायचं. कोर्सच्या बाबतीत त्याने तेच धरलं. हा कोर्स केलेला एक तरी माणूस तपासून बघू, म्हणजे कळेल माल कसा निघतो.

पहिला सापडला पलीकडच्या आळीतला धोंडीराम. त्याने पुण्याला असताना असाच कोर्स केला होता आणि दारावरच्या पाटीवर नावापुढे तीन अक्षरं जास्तीची लावली होती.

"फायदा झाला का?" पुंजारामने विचारलं.

"झाला ना. बोलायला लागलो."

"आधी काय मुका होतास?"

"इंग्रजीत रे."

"आणि पोस्ट?"

"पोस्ट तीच आहे," धोंडीराम गंभीरपणे म्हणाला. "पण ती तीच का आहे, हे आता समजतं."

दुसरा बारकू आहेर. तो तर प्रत्यक्ष भेटणं शक्य नव्हतं, कारण तो कुवेतला होता. त्याच्या आईकडे चौकशी केली. म्हातारी म्हणाली, कोर्स त्याने अर्ध्यात सोडला, तेव्हापासून त्याचं बरंच भलं झालं. पुंजाराम घरी आला तो डोकं धरूनच. पुरा केला त्याचं काही झालं नाही, सोडला त्याचं सोनं झालं. म्हणजे सोडण्यासाठी आधी घ्यायला पाहिजे की काय?

"तुम्ही एकदाचं काय ते ठरवा," लताबाई म्हणाल्या. "मला नळावर रोज नवीन उत्तर सुचत नाही."

"तू सांगितलंस कशाला?"

"मग कुणी सांगायचं, तुम्ही? तुम्हाला तर अजून कळायचंय."

वर्ग नुकतेच सुरू झाले होते. कॉलेजचे ऑफिसवाले म्हणाले, दोन दिवस बसून बघा, पटलं तर शनिवारपर्यंत फी भरा. पुंजाराम इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला. माणूस काम का करतो, याचा. तळाला पोट होतं, शेंड्याला असं काही होतं जे पुंजारामच्या शॉपमध्ये कुणी मागितल्याचं त्याला आठवेना. तो शेंडा नीट दिसावा म्हणून तो वाकला, तर पुढच्या खांबाआड एक ओळखीचं टक्कल दिसलं. सबनीस साहेब. त्याच्याच कंपनीचे वर्क्स मॅनेजर.

पुंजारामच्या जिवात जीव आला. एवढा मोठा माणूस ज्या बाकावर बसतो, तो बाक काही फुकट नसणार. वर्ग सुटल्यावर त्याने त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं.

"साहेब, तुम्ही इथं?"

"हळू बोल रे." साहेबांनी आजूबाजूला बघितलं. "कंपनीत बोलायचं नाही."

"नाही बोलत. पण तुम्हाला काय गरज?"

"वरून आता पोरं येतात, डिग्रीवाली. परवा एकाने मला विचारलं, तुमचा स्पॅन ऑफ कंट्रोल किती. मी म्हटलं, गेटपर्यंत. हाताखाली माणसं किती, असं विचारत होता म्हणे. तेव्हापासून ते पोरगं माझ्याशी फार प्रेमाने वागतं."

"मग फी भरली तुम्ही?"

"छे. ठरतच नव्हतं. आज तुला बघितलं आणि बरं वाटलं. म्हटलं, पुंजाराम आला म्हणजे यात काहीतरी असणार. तू उगाच कुठं हात घालत नाहीस."

पुंजारामने बशी खाली ठेवली. "साहेब, मी तर तुम्हाला बघून ठरवलं."

साहेबांनी टपरीवाल्याला अजून दोन चहा सांगितले. मग साहेब म्हणाले, "म्हणजे अजून कुणीच ठरवलेलं नाही."

पुंजारामजवळ आता सुटकेला एकच आधार उरला होता, पाळ्यांचा. त्याची आणि दुसऱ्या सुपरवायझरची, कारभारीची, पाळी दर आठवड्याला बदलायची. रोज संध्याकाळी मोकळं राहायचं तर कारभारीने दोन वर्षं दुसरी पाळी करायला हवी. असं कोण करतं? शिवाय कारभारी फोरमनच्या जागेचा दुसरा उमेदवार. प्रतिस्पर्ध्याला जिना कोण लावून देतो? तो नाही म्हणणार, मग कोर्सचा विषय आपोआप संपणार, नळावर सांगायलाही कारण मिळणार. या आशेने पुंजाराम दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसला.

कारभारीचं घर ओझरच्या बाजूला. द्राक्षाची बाग होती.

"आरं, एवढंच ना?" तो म्हणाला. "मला दुसरी पाळी लय बरी. सकाळचं बागेत फवारणी करून येता येतंय."

"दोन वर्षं आहेत, कारभारी."

"चार कर. मी कुठं नाय म्हनतो?"

"पण फोरमनच्या जागेला तूही उभा आहेस ना?"

"मी? कुनी सांगितलं? फोरमन झालं की दिवसभर हितंच. मग माझी बाग काय तुझा मामा बघनार हाय?"

पुंजाराम भजी न खाताच उठला. पाळीची अडचण गेली, उमेदवार गेला, राहिला तो एकटा पुंजाराम. मग प्रश्न उलटा उभा राहिला. दुसरं कुणी नाहीच, तर नोटीस असली तरी जागा कुठं जाते? की कुणी नाही म्हणून बाहेरून आणतील, अशाच एका त्रिकोण काढणाऱ्या पोराला? लताबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? मी फक्त गल्लीला सांगते."

शनिवारी दुपारी तो कॉलेजच्या फाटकापाशी पोचला, तर सबनीस साहेब स्कूटरवर पाय टेकून उभे.

"चल, तू हो पुढं," साहेब म्हणाले.

"तुम्ही आधी, साहेब."

"अरे, मी आलोच. स्कूटर जरा सावलीत लावतो."

कंपनीत साहेब 'हो पुढं' म्हणाले की पुढं व्हायचं, ही वीस वर्षांची सवय. पाय आपोआप चालले. खिडकीपाशी गेला, फी भरली, पावती घेतली आणि मागे वळला, तर सावलीत स्कूटर नव्हती आणि उन्हातही नव्हती.

सोमवारी साहेब राउंडला आले, त्याच्या मशीनपाशी थांबले आणि गेजकडे बघत हळूच म्हणाले, "भरलीस ना? शाबास."

"तुम्ही कुठं गेलात, साहेब?"

"घरी. वाटेत मनात आलं, एकाने भरली ते पुरे. तू शीक आणि मला सांगत जा. काही कळलं तर पुढच्या वर्षी मी बसतो."

"आणि काही नाही कळलं तर?"

"तर निदान मी वाचलो."

त्या संध्याकाळी पुंजाराम पुन्हा शेवटच्या बाकावर बसला. त्रिकोण पुसून सरांनी एक चौकोन काढला होता आणि त्यातून चारी दिशांना बाण निघाले होते. फी भरायची मुदत आठवडाभर वाढवली होती, त्यामुळे अजून बघे येतच होते. तसाच एक दबकत शेजारी बसला. हातात जेवणाचा डबा, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग.

"कसा आहे हो कोर्स?" त्याने विचारलं. "करावा का?"

पुंजारामने फळ्यावरच्या बाणांकडे बघितलं. एकही बाण कुठं जातो ते त्याला सांगता आलं नसतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून जेवढं खरं होतं तेवढंच तो बोलला.

"मी तर भरलीय फी."

"असं?" त्या माणसाने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे नीट बघितलं, डबा बाकावर ठेवला आणि म्हणाला, "मग जागा धरा माझी. मी भरून येतो."