रफिकला सापडलेला फाइल मॅनेजर

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडेच जायला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी त्यानंच बोलावलं होतं. "सापडला बे! आता पुन्हा बदलत नाही. फोनवर नाही सांगत, पुसदले ये, दाखवतो." एवढं बोलून त्यानं फोन ठेवलाही. सकाळी छातीत कळ आली आणि संपलं... जनाज्याला खांदा दिला, परत आलो. पण त्या दुःखातही डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. त्याला सापडला तो कोणता?

शोध होता फाइल मॅनेजरचा. संगणकातलं फोल्डर उघडून आत काय आहे ते दाखवणारा प्रोग्राम. आपण त्याचा विचारही करत नाही. रफिक करायचा. पुसदला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. लोकांनी टाकलेल्या मशीनवर तो विंडोजऐवजी लिनक्स चढवायचा. ते फुकट, शिवाय त्यातला कुठलाही भाग काढून दुसरा बसवता येतो, आणि हीच सोय त्याला झोपू देत नसे. एक फाइल मॅनेजर आठवडाभर टिकला तर खूप. हा मेमरी खातो, तो उघडायला वेळ लावतो... माणूसच उतावळा. चहा निवेपर्यंत थांबायचा नाही, तोंड पोळून घ्यायचा. टेबलाखाली गुडघा सारखा हलता, त्यानं वरचे स्क्रू घरंगळून खाली पडायचे. मी यवतमाळला कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत. आमची मैत्री याच वादांवर पोसलेली. "दोन सेकंदात तुझं काय जाऊन राह्यलं बे?" मी विचारायचो. "तेच तर जाऊन राह्यले ना, दोन सेकंद!"

महिन्याभरानं शबाना भाभींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. त्या घरी ब्लाउज शिवतात. शिवलेल्या प्रत्येक गळ्याचा फोटो त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. गिऱ्हाइकाला नमुने त्यातूनच दाखवायचे. "भाऊ, एकदा मशीन पाहून द्या. लग्नाचे ब्लाउज येऊन राह्यले, अन् हे बंद पडलं तर मी कोणाले विचारू?" मी दुसऱ्याच दिवशी गेलो. खरं सांगतो, मशीनपेक्षा मला त्याचं उत्तर पाहायचं होतं.

फोटोंचं फोल्डर उघडायला घेतलं तर चकती फिरतेय, फिरतेय... हा तर सगळ्यांत जड फाइल मॅनेजर! रफिक त्याला 'म्हैस' म्हणायचा. प्रत्येक फोटोचं छोटं चित्र तयार करत बसणारा. वाटलं, बिचाऱ्याचं बदलायचं राहून गेलं. मग मीच साफसफाई केली, ती साठलेली छोटी चित्रं पुसली आणि आम्हा दोघांच्या आवडीचा हलका बसवला. टिचकी मारताच फोल्डर उघडलं. "बघा!" मी भाभींना म्हणालो.

त्यांनी पाहिलं. ओळीनं सारखे कोरे चौकोन, खाली कॅमेऱ्यानं दिलेले आकडे.

"हे त्यायनं बी लावलं होतं. झटक्यात खुलते. पण याच्यात मी गळा कसा ओळखू? दर खेपेले त्यायले दुकानातून बलावा लागे. मंग त्यायनं हे काढून ते भारीवालंच लावलं. म्हणाले, आता तुले मले आवाज द्यायचं कामच नाही."

"पण ते किती हळू चालते भाभी!"

"हो ना. सारे फोटो येईपर्यंत बाजूले बसून राह्यले. चूपचाप. मंग तुमाले फोन लावला."

रफिक, आणि चूपचाप बसून! उत्तर मिळालं, पण चैन पडेना. मला त्याच्याशी भांडायचं होतं. इतकी वर्षं दोन सेकंदांसाठी माझं डोकं खाल्लंस, आणि शेवटी म्हैस?

ती परत बसवली. मी पुसलेली चित्रं आता पहिल्यापासून तयार व्हायची होती. पडद्यावर एकेक गळा उमटू लागला. गोल, पानाचा, मटक्याचा... मधेच अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. टेबल हलायला लागलं. माझाच गुडघा होता.

भाभींनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या, "फोटो येते."