अण्णा वकिलांनी बांधावर काढलेला कोट

१९५१ साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, तिसरी पास, आणि कल्याणच्या कोर्टात वादी. गेल्या महिन्यात अण्णा वकिलांच्या मुलीचा फोन आला तेव्हा पहिलं हेच आठवलं. "बाबा झोपेतच गेले, काका. काही त्रास झाला नाही." मला रडू आलं नाही, खरं सांगतो. हायसं वाटलं. माणूस कोणाला हाका न मारता, कोणाचं काही न राखता गेला… याहून बरा निकाल कोणाला मिळतो? तीच म्हणाली, काका, तुम्ही लिहा. वकील मंडळी अण्णांच्या कायद्याबद्दल लिहितील. माझ्याजवळ कायदा नाही. अण्णांनी समजावलेले चार शब्द आहेत, पण ते पक्के आहेत.

आमची शेती डोंबिवलीच्या खाडीकाठी, खाऱ्या जमिनीत. खाडी आणि भात यांच्यामधे मातीचा बांध, आणि बांधात लाकडी फळीची उघाडी. तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं आत येऊ द्यायचं नाही. शेजारचं शेत माझ्या चुलतभावाचं, धर्माचं. त्याला मासळीसाठी उघाडी रुंद करायची होती. मी म्हटलं, आज्यानं बसवली तेवढीच राहील. त्यानं फावडं उचललं, मी कोर्ट गाठलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो, पण मान खाली घालून. वाटायचं, आत गेला तो माणूस बाटला. पहिल्या तारखेला दुपारच्या सुट्टीत मी आणि धर्मा चिंचेखाली एकमेकांकडे पाठ करून बसलो. दोघांच्याही फडक्यात भाकरी आणि सुकट. माझे वकील अण्णा येऊन मधेच बसले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, वकिली नवी, काळा कोट एकच. मी म्हटलं, "अण्णा, लांब बसा, तुम्हाला वास येईल." "कायद्याला नाक नसतं रे," ते म्हणाले, आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा बेतानं सांगू लागले, "आधी येऊन दाद मागतो तो वादी. कोर्ट ज्याला म्हणतं, ये, तुझंही ऐकू, तो प्रतिवादी. निकाल लागेपर्यंत दोघांतला कोणीही खोटा नाही."

"ऐकलास ना?" पाठीमागून धर्मा. "मी खोटा नाय."

"अजून नाय!" मी म्हटलं. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्या दिवसापासून मी मान वर करून ती पायरी चढू लागलो.

पुढं आम्हाला मनाई हुकूम मिळाला. निकाल लागेपर्यंत बांध आणि उघाडी 'जैसे थे', कोणी हात लावायचा नाही. तो कागद मी गावभर दाखवला. ज्यानं पाहिला नसेल त्याला थांबवून दाखवला.

आणि आषाढातल्या अमावास्येला, रविवारी भर दुपारी, उधाणाच्या पाण्यानं उघाडीशेजारी बांध फोडला. खेकड्यांनी आतून पोखरला होता. आमच्याकडे रीत अशी, की बांधाला खांड पडली की भांडण विसरून सगळ्यांनी चिखल टाकायला यायचं. धर्मा चार माणसं घेऊन धावत आला. मी खांडीसमोर आडवा उभा राहिलो. "हात लावायचा नाय! जैसे थे आहे!"

"आरं येड्या, खारं पाणी तुझ्याच शेतात चाललंय!"

"जाऊ दे. हुकूम म्हणजे हुकूम. जेलात जायचंय?"

जेल म्हटल्यावर त्याची माणसं मागं सरली. धर्मासुद्धा थांबला. खारं पाणी मुरलं की जमीन काही वर्षं मेली, हे मला काय ठाऊक नव्हतं? रोपं पिवळी पडताना मला आत्ताच दिसत होती. पण कोर्टाचा हुकूम मीच मागून आणलेला. तो मीच मोडू? माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आई मात्र वाद घालत बसली नाही. ती चिखलातून तशीच डोंबिवलीला अण्णांच्या घरी गेली.

अण्णा आले तेव्हा ओहोटी लागली होती. रविवार असून कोट घालून आले होते. कदाचित आईनं कोर्टाचं काम म्हणून सांगितलं असेल. त्यांनी खांड पाहिली, मला पाहिलं.

"काल इथं काय होतं?"

"बांध."

"आणि आज?"

"खांड."

"मग कोर्टानं काय राखायला सांगितलंय? होतं ते, की फुटलं ते? उघाडीला हात लावू नका, बांध होता तेवढा उभा करा. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा." एवढं बोलून त्यांनी कोट काढला, उघाडीच्या खांबाच्या खुंटीला अडकवला, धोतर खोचलं आणि चिखलाच्या रांगेत उभे राहिले. धर्मा गोळा त्यांच्या हातात देई, ते माझ्या हातात. "वकीलसाहेब, असा नको, पोराला उचलल्यागत धरा," धर्मा ओरडला. "हरकत मान्य," अण्णा म्हणाले. रात्रीच्या भरतीआधी बांध उभा राहिला. पाणी अर्ध्या खाचराच्या पुढं गेलं नव्हतं. मी बांधावर मटकन बसलो… तसा सुटकेचा श्वास मी जन्मात पुन्हा घेतला नाही.

त्यानंतर खटला चालवायला दोघांच्याही अंगात जोर उरला नाही. उघाडी आहे तेवढीच ठेवायची, मासळी दोघांनी वाटून घ्यायची, अशी तडजोड अण्णांनी लिहून आणली. मी हात आखडला, विचारलं, "तडजोड म्हणजे हार का?" ते म्हणाले, "हार असती तर दोघांच्या सह्या कशाला लागल्या असत्या?" मी सही केली. अंगठा नाही, सही.

आता तिथं भात होत नाही. धर्मा आणि मी दोघंही म्हातारे, उघाडीची फळी कुजली, भोवती तिवरं वाढली. खांब मात्र उभा आहे, खुंटीसकट. अण्णांच्या बातमीनंतर धर्मा येऊन माझ्या ओट्यावर बसला. म्हणाला, "चिखलाचा गोळा शेवटपर्यंत नीट धरता आला नाय त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो. सदरा काढून त्या खुंटीला अडकवला. उघाडीशेजारी खेकड्यानं ताजं भोक पाडलं होतं. चिखलाचा गोळा पोराला उचलल्यागत धरला आणि भोक बुजवून टाकलं.