मोहनसिंगची पाच घरं

समोरच्या घरात मोहनसिंग राठोड भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिले आठ दिवस मी खिडकीतून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. माणूस पूर्वी ट्रक चालवायचा आणि आता चालवत नाही, एवढीच माहिती माझ्याकडे होती. तेवढ्यावर मी एक अपघात, एक फरार आरोपी आणि एक पोलीस चौकशी रचली. खरी गोष्ट अशी होती की एका डोळ्याने कमी दिसायला लागलं, म्हणून त्यांनी आपणहून स्टिअरिंग सोडलं होतं. हे मला त्यांच्या बायकोने, रूपाबाईंनी, साखर मागायला आल्या तेव्हा सांगितलं. मी साखर जरा जास्तच दिली.

मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्र. त्याचा माझ्या घरी एकच उपयोग होतो, तो म्हणजे कशाने काय होऊ शकतं याची यादी माझ्याकडे इतर आयांपेक्षा मोठी असते. माझी मुलगी सृष्टी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. तिच्या फोनचा ठिपका मी माझ्या फोनवर बघते. हॉस्टेल ते कॉलेज एवढाच तो हलतो, पण मध्ये एका चौकात थांबला की माझाही श्वास थांबतो.

सुट्टीत ती घरी आली आणि शनिवारी संध्याकाळी मोहनसिंगांकडे जाऊन बसायला लागली. वीस वर्षांची पोरगी परक्याच्या घरात दीड तास काय बघते? पहारा करायचा म्हणून मीही गेले. ते गाड्यांची शर्यत बघत होते. फॉर्म्युला वन. चौथ्या शनिवारी मी त्या लोकांच्या आधी जाऊन बसले होते.

मोहनसिंगांना हा नाद तमिळनाडूत, इरोडला लागला. वसमतची हळद घेऊन तिकडे गेलं की उतरवायला दोन-दोन दिवस नंबर लागायचा नाही. गोदामाच्या वॉचमनकडे छोटा टीव्ही होता. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला, पण गाड्या दोघांना कळत होत्या. त्यांचं खरं प्रेम मात्र रविवारच्या रेसवर नाही, शनिवारच्या पात्रता फेरीवर. एकेकाने जोरात फेरी मारायची. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला, तो रविवारी सगळ्यात पुढे उभा. "रेस काय, कोणीबी बघन," ते म्हणायचे. "कोण कुठं उभा राह्यला, खरं भांडण तिथं असते." आयुष्य नंबर लावण्यात गेलेल्या माणसाचं ते मत होतं.

आणि ते त्यांनी वापरलंही. इथल्या बाजार समितीच्या यार्डात हळदीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. टोकन पूर्वी व्यापाऱ्यांचा माणूस द्यायचा, आणि रोज कोणाची तरी कॉलर फाटायची. घुसखोर पकडला की त्याला रांगेच्या शेवटी पाठवायचे, म्हणजे आणखी दोन दिवस. त्यामुळे तो जीव गेला तरी कबूल करायचा नाही. मोहनसिंगांनी शेतकऱ्यांपुढे सांगितलं, शेवटी कोणालाच पाठवायचं नाही. वाट अडवली किंवा खोटं बोललं तर तीन घर मागं; घर म्हणजे रांगेतली एक जागा. दुसऱ्याचा दगड हलवला तर पाच घर मागं. दगड म्हणजे, कोणाला डिझेलला नाहीतर पंक्चरला जायचं असेल, तर तो आपल्या जागेवर खडूने नंबर लिहून दगड ठेवून जातो. दगड आहे म्हणजे गाडी आहे. ही जुनीच रीत. शिक्षा मात्र नवी, शर्यतीतून उचललेली, आणि ती लोकांना पटली, कारण पाच घरं माणूस सोसू शकतो.

समितीने एका हंगामासाठी टोकनची वही मोहनसिंगांकडे दिली. समितीतले व्यंकटराव याच्या विरोधात होते. त्यांनी अट घातली: कोणाला एकदा जरी सूट दिल्याचं सिद्ध झालं, तरी वही त्याच दिवशी परत व्यापाऱ्यांच्या माणसाकडे. डोळा गेल्यावर मोहनसिंगांना मिळालेलं हे पहिलं काम होतं. ते वही रात्री उशाशी घेऊन झोपतात, असं रूपाबाई सांगायच्या.

मे महिन्यात आमची हळद निघाली. माझा नवरा शिक्षक; त्यांना शाळेच्या प्रशिक्षणाला औरंगाबादला जावं लागलं, म्हणून ट्रॉलीसोबत कोणी जायचं हा प्रश्न आला. सृष्टी म्हणाली, मी जाते. ट्रॅक्टर चालवायला खेमा होता, आमच्याकडे बारा वर्षांपासून असलेला, भरवशाचा माणूस. तरी मी तिला शिट्टी, टॉर्च, ओआरएसची पाकिटं आणि डास पळवायचं मलम दिलं. यार्ड आमच्या घरापासून दीड किलोमीटर आहे.

शनिवारी त्यांचा अकरावा नंबर लागला. संध्याकाळी गाडी खेमाच्या भरवशावर ठेवून सृष्टी पात्रता फेरी बघायला आली. आम्ही चौघं: मोहनसिंग, पंक्चरच्या दुकानाचा देविदास, सृष्टी आणि मी. निळ्या गाडीवाला पहिला आला, आणि खाली पट्टी आली की त्याला पाच घरांची शिक्षा आहे.

देविदास उसळला. "पहिला आला अन् सहावा उभा राहणार? मंग पहिला येऊन काय फायदा?"

"इंजिनचे पार्ट ठरल्यापरीस जास्त बदलले त्यानं," मोहनसिंग म्हणाले.

"त्यानं कुठं बदलले? मेकॅनिकनं बदलले," मी म्हणाले. "त्या पोराची काय चूक? आईला काय वाटत असेल त्याच्या!"

"त्याच्या आईचं विमान हाय वहिनी, तिची काळजी नका करू."

"मम्मी, टीमनं केलं म्हणजे त्यानंच केलं. वेगळं नसतं ते," सृष्टी म्हणाली.

"मग त्याची जागा रिकामी राहते का?" मी मोहनसिंगांना विचारलं.

"न्हाई. मागचे एकेक घर पुढं सरकतात. पण—"

पुढचं मी ऐकलं नाही. घरी गॅस बंद केला की नाही ते मला आठवेना, म्हणून मी उठून गेले. गॅस बंद होता. परत आले तेव्हा विषय टायरवर गेला होता. या अर्धवट ज्ञानावर मी दुसऱ्या दिवशी काय केलं, ते आता सांगावं लागणार आहे.

रविवारी दुपारी डबा घेऊन यार्डात गेले. औंढ्याच्या बाजूने आभाळ काळं झालं होतं. सृष्टी ट्रॉलीवर नव्हती. फोन उचलत नव्हती. खेमा म्हणाला, "ताई मैत्रिणीच्या घरी आंघोळीला गेल्या, येतीलच." मला पोरीची काळजी आणि हळदीची काळजी एकदम झाली, आणि दोन काळज्या एकत्र आल्या की माझ्या डोक्यात तिसरं काही शिरत नाही. पहिल्या दहा जागा शेडखाली होत्या. आमची अकरावी, उघड्यावर पहिली. आणि दहाव्या जागेवर ट्रॉली नव्हतीच. तिथे एक दगड होता.

"खेमा, गाडी पुढे घे."

"वहिनी, दगड हाय तिथं. संतरामबापूचा. ट्रॉली बाहेर सडकेला लावून, टायर काढून देविदासकडं गेलेत."

"दगड भिजत नाही, हळद भिजते. आणि जागा रिकामी असली की मागचा एक घर पुढे सरकतो. मोहनसिंगांनीच काल सांगितलं."

"त्यांनी सांगितलं?" खेमाचा चेहरा उजळला.

त्यांचं नाव मी अशा थाटात घेतलं होतं की मलाच खरं वाटलं. खेमा तरी हात लावेना, म्हणून दगड मी स्वतः उचलला. चांगला जड होता. कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. ट्रॉली एक जागा पुढे आली आणि मी ताडपत्रीची दोरी बांधत, आपण किती कर्तबगार आहोत, याचा विचार करत उभी राहिले.

दहा मिनिटांत संतरामबापू आले. सत्तरीचा माणूस, मागे टायर बसवायला देविदास. बापू ओरडले नाहीत. कमरेवर हात ठेवून आमच्या ट्रॉलीकडे बघत राहिले, जसं काही आपलंच घर कुठे होतं ते विसरलेत. मागच्या ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र पाहिलं होतं. "ओ मास्तरीणबाई! रांगेत हायेत आमीबी!" कोणीतरी मोहनसिंगांना बोलवायला गेलं, आणि मोहनसिंगांच्या आधी छत्री घेऊन व्यंकटराव आले.

"घरचीच गाडी दिसते," ते गोड आवाजात म्हणाले. "शनिवारी तुमच्याकडेच असतात ना या, टीव्ही बघायला? चहा वगैरे?"

मोहनसिंग वही काखेत धरून उभे होते. त्यांनी व्यंकटरावांकडे पाहिलं नाही. "खेमा, गाडी पुढं कशी आली?"

खेमा बिचारा आमचं मीठ खाल्लेला. "ब्रेक लागला न्हाई जी. उताराला आपोआप सरकली."

"अन् दगड?"

"चाकानं ढकलला असन."

आता मी बोलायचं. सगळी वाट मोकळी होती. मी हो म्हटलं असतं तर मोहनसिंगांना ते मान्य करावं लागलं असतं किंवा खेमाला खोटं पाडावं लागलं असतं; आणि मान्य केलं असतं तर व्यंकटराव तिथेच वही मागून घेणार होते. हे मला चांगलं समजत होतं. तरी मी गप्प राहिले. त्या वेळात मी वर्तमानपत्रातली बातमीही वाचून टाकली: शिक्षकाच्या पत्नीची घुसखोरी.

तेवढ्यात सृष्टी आली, ओल्या केसांनी. तिने खेमाकडे पाहिलं, कडुलिंबाखालच्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. दोन्ही तळवे खडूने पांढरे होते आणि ते मी ज्या साडीला पुसत होते ती गडद निळी होती.

"मम्मी," ती हळू म्हणाली, "मोहनसिंगकाकांचं काम जाईल."

"मी उचलला," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मागून कोणीतरी म्हणालं, "जोरात!" मग मी जोरात सांगितलं. "दगड मी उचलला. खेमाला मी सांगितलं. मोहनसिंगांना काही माहीत नव्हतं. काल त्यांनी सांगितलेलं मी अर्धंच ऐकलं."

"पुढचं अर्धं असं हाय वहिनी," मोहनसिंग म्हणाले, "की कोणी सरकायचं ते पंच सांगतात. आपलं आपण न्हाई सरकायचं."

मग रांगेत जी चर्चा झाली, ती ऐकून कोणालाही वाटलं असतं की ही माणसं वर्षानुवर्षं शर्यतीच बघत आली आहेत. संतरामबापू म्हणाले, "जाऊ द्या ना. बाई एक घर पुढं आली, एक घर मागं जाईन. पोरीच्या काळजीनं केलं." बापू असं बोलले म्हणून मला जास्तच रडू आलं.

"काहून जाऊ द्या?" देविदास म्हणाला. शनिवारी माझ्याच शेजारी बसून शेंगदाणे खाणारा हा माणूस. "मागच्या मंगळवारी माह्या मेव्हण्याला पाच घर दिले. तवा कोणाला दया आली न्हाई. दगडाचे पाच म्हंजे पाच."

"पाचच," सृष्टी म्हणाली. "आणि ब्रेकचं खोटं सांगितलं त्याचे वेगळे तीन."

माझी पोरगी! नऊ महिने पोटात, वीस वर्षं डोक्यात!

"खोटं खेमा बोलला," मी म्हणाले. इतकी शरम वाटत असूनही माझ्यातला प्रेक्षक गप्प बसेना. "त्याचे तीन मला कसे? आणि दोन शिक्षा एकाच गुन्ह्याला देत नाहीत."

"गुन्हे दोन हायेत," मोहनसिंग म्हणाले. "दगड एक. अन् खेमा बोलून राह्यला तवा तुमी गप उभ्या होत्या, तो दुसरा. टीमनं केलं म्हंजे तुमीच केलं." त्यांनी वही उघडली, डोळ्याजवळ नेली आणि लिहिताना मोठ्याने म्हणाले, "अकरा. पाच अन् तीन आठ. एकोणीस."

मागच्या आठ ट्रॅक्टरवाल्यांना ही शिक्षा फारच न्याय्य वाटली. इंजिनं सुरू झाली. आमची ट्रॉली बाहेर काढताना खेमा माझ्याकडे बघत नव्हता, आणि मी खेमाकडे. संतरामबापूंचा दगड मी परत आणून ठेवायला निघाले तर ते म्हणाले, "राहू दे बाई, आता गाडीच येते."

व्यंकटराव छत्री मिटत, उघडत तिथेच थांबले होते. त्यांनी वही मागितली. मोहनसिंगांनी दिली. त्यांनी ते पान वाचलं, मागचीही दोन-चार पानं वाचली. मेव्हण्याची पाच घरं तिथे होती. स्वतः व्यंकटरावांच्या पुतण्याची तीन घरंही होती, आणि ती त्यांना बहुधा माहीत नव्हती. त्यांनी वही मिटून परत केली.

पाऊस थेंब-थेंब आला. एकोणिसाव्या जागेवर ना शेड ना झाड. सृष्टी आणि मी ताडपत्रीची दोन टोकं धरून ट्रॉलीवर बसलो. आधी बाराव्या आणि आता अकराव्या जागेवर आलेल्या ट्रॉलीवरचा एक बाप्या खाली उतरून तिसरं टोक धरायला आला आणि जाताना म्हणाला, "उपकार झाले मास्तरीणबाई, घर मिळालं." सोमवारी संध्याकाळपर्यंत पंधरा गाड्यांचा लिलाव झाला. आमचा मंगळवारी. दोन दिवस मी पोरीसोबत रांगेत राहिले, म्हणजे तिला एकटीला राहू द्यायचं नाही हा माझा मूळ हेतू साधला, असंही म्हणता येईल.

पुढच्या शनिवारी जावं की नाही, हे मला कळेना. पडद्याआडून बघत होते. रूपाबाईंनी दारातून हाक मारली, "वहिनी, पहिली फेरी सुरू झाली. ते म्हणून राह्यले, गॅस बघून या."

जूनच्या शेवटी समितीची बैठक झाली. वही पुढच्या हंगामालाही मोहनसिंगांकडेच राहील, असा ठराव झाला आणि तो मांडला व्यंकटरावांनी. देविदास बाहेर उभा राहून ऐकत होता. त्याने घरी येऊन सांगितलं की मोहनसिंग कोणालाच सूट देत नाहीत याचं उदाहरण म्हणून माझं नाव घेतलं गेलं. ते ठरावात लिहिलंही आहे. नवऱ्याचं नाव, गाव, ट्रॉलीचा नंबर, सगळं. शिक्षण लिहिलं का, एवढं मी विचारलं. देविदास म्हणाला, व्हय, बी.एस्सी. असं लिवलंय.