बीअरमधलं चीज आणि आमची सून

मंडळातल्या बायांनो, आज फळ्यावर सुविचाराच्या जागी माझंच वाचा.

दुपारी नातवानं बीअरमध्ये चीज शिजवलं. जर्मनीत गिरणीचं काम शिकून आलाय, तिकडं त्याला फाँड्यू म्हणतात म्हणे. बाटली मी सैपाकघरात येऊ दिली न्हाय. अंगणात शेगडीवर पातेलं ठेवलं. सगळ्यांनी भोवती बसून कडक भाकरीचा तुकडा त्यात बुडवायचा.

लेक बसला, नातू बसला. सून महानंदा पदर खोचून उभीच.

"आई, तू बी बस," नातू तिला म्हणाला.

"आधी तुमचं होऊ दे."

"थिजलं की रबर हुतंय ते!"

आमच्यात बायका पुरुषांच्या मागनं जेवतात. ती माझ्याकडं बघायला लागली.

"बघतीस काय? बस की," मी म्हटलं. लेकाचा घास हातातच राहिला. "तुला काय झालं? सरक तिकडं."

पहिल्याच घासाला तिची जीभ भाजली. "आत्याबाई, लई गरम हाय!" म्हणून हसत सुटली.

मी बी तिच्याशेजारी बसले, मला ते कडूच लागलं. पण आता रोज ती आमच्याबरोबरच बसणार.

तुमच्यातलं कोण आज गरम जेवलं, सांगा बघू?