भोकांच्या कंपनीतली जळकी माणसं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कंपनीत काही वर्षं काढली की ते आपोआप साठतात. सकाळी तळेगाव ढमढेरेहून आमची शेअरिंगची इको निघते, शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकते आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "गवारे, तो शेवयांचा सांगा ना!" झालं! कोरेगाव भीमा येईपर्यंत मी सुटलेला असतो.

दुसऱ्या कंपन्यांतले किस्से कॅन्टीनच्या डाळीचे असतात, युनियनचे असतात. आमचे सगळे एकाच चवीचे. कोण कुणावर जळलं!

आम्ही काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे घोळ नको. सॉल्व्हंटमध्ये प्लास्टिक विरघळवून मधासारखं दाट द्रावण करायचं. ते काचेवर पातळ ओढायचं आणि काच पाण्यात बुडवायची. डोळ्यांदेखत तो थर दुधासारखा पांढरा होतो. त्यात इतकी बारीक भोकं तयार होतात की पाणी पलीकडे जातं आणि जंतू अलीकडे राहतात. याला म्हणायचं मेम्ब्रेन. आम्ही रोज नवीन मेम्ब्रेन शोधणारे, म्हणजे आर अँड डी. गावात मात्र एकच नाव, भोकांची कंपनी.

*

माझं लग्न ठरत होतं. मुलगी राहूची. कांदेपोहे झाले, शेतीची चौकशी झाली. मग सासऱ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, विचारलं, "कंपनीत नेमकं काय करता?"

मी जरा सावरून बसलो. म्हटलं, "प्लास्टिकच्या कागदाला भोकं पाडतो."

"दाखवा की."

मी खिशातून मेम्ब्रेनचा तुकडा काढला. त्यासाठीच नेला होता! त्यांनी तो खिडकीकडे धरला, डोळ्याला लावला, उलटा केला, सुलटा केला.

"कुठं हायेत?"

"डोळ्यांना दिसत नाहीत, मामा. फार बारीक असतात."

त्यांनी तुकडा शेजारच्या पाहुण्याकडे दिला आणि म्हणाले, "आमच्या थोरल्या जावयाची शेडनेटची एजन्सी हाय. त्याची भोकं निदान दिसत्यात तरी!"

लग्न झालं. पण तेव्हापासून हिरवं शेडनेट दिसलं की माझ्या पोटात दुखतं. आणि आमच्या भागात शेडनेट कुठं नाही, सांगा!

*

मग आल्या अर्चना मॅडम. दौंडच्या. माझ्यानंतर लागल्या, माझ्यापेक्षा वयानं लहान.

पावसाळा आला की माझ्या मेम्ब्रेनमध्ये मोठाले पोकळ खड्डे पडायचे. मी केमिकल बदललं, सप्लायर बदलला, पाणी बदललं. मॅडम आल्या, दोन-चार दिवस नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी काचेवर बसेल असं एक झाकण बनवून घेतलं आणि आत कोरडी हवा सोडली. "बाहेरची दमट हवा थराला लागतेय, त्यानं बिघडतंय," म्हणाल्या. खड्डे गेले!

आमचे दाते सर आर अँड डीचे प्रमुख. त्यांनी मायक्रोस्कोपखालचा फोटो काढून आणला आणि सगळ्या लॅबला हाका मारल्या. "अरे, या! किती सुंदर भोकं आहेत बघा!" माझ्या लग्नात माझ्या बायकोचंसुद्धा कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लागला. माझ्या मेम्ब्रेनचा फोटो सरांनी चहाच्या कपाखाली ठेवला होता.

मी रफीकजवळ गेलो. रफीक म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा माझा दोस्त. म्हटलं, "झाकणच लावलं ना? त्यात काय एवढं! झाकण तर माझी आईपण लावते!"

रफीक म्हणाला, "मग आईंना लॅबमध्ये का नाही आणलं, यार?"

*

रफीक स्वतः कमी जळका नाही. मी आणि मॅडम सपाट मेम्ब्रेन करतो, तो करतो पोकळ धागे. पांढरे, बारीक, आतून नळीसारखे. पाणी बाहेरून आत झिरपतं. त्याचं कायमचं दुःख एकच. पाहुणे आले की सर त्यांना आधी सपाट मेम्ब्रेन दाखवतात.

एकदा त्यानं धाग्यांची धुऊन वाळवलेली जुडी घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. ईद जवळ आलेली. त्याच्या अम्मीनं जुडी मोडून दुधात सोडली.

आता त्या शेवया शिजणार कशा? दूध आटलं, गॅस वाढवला, पुन्हा दूध घातलं. शेवया जशाच्या तशा! शेवटी अम्मीनं शेजारणीला बोलावलं. शेजारणीनं एक शेवई हातात घेतली, तिच्यातून फुंकर मारली आणि म्हणाली, "ही तर स्ट्रॉ हाय!"

रफीकच्या जागी मी असतो तर ही गोष्ट कुणाला सांगितली नसती. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पातेलंच घेऊन लॅबमध्ये आला! "सर, दुधात तासभर उकळले. एक धागा फुटला नाही! सपाटवाल्यांनी हे करून दाखवावं!"

पुढं मी त्याच्या घरी शीरखुर्मा खायला गेलो. अम्मीनं वाटी पुढं केली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "त्या दौंडच्या पोरीच्या तरी शिजतात का रे?"

*

घरी जेवताना मी बोलायचो ते फक्त मॅडमबद्दल. आज मॅडमनी हे केलं, आज सर मॅडमना ते म्हणाले. भाकरी मोडायची आणि जळायचं. बायकोनं बरेच दिवस ऐकून घेतलं. एक दिवस ताट जरा जोरात ठेवून म्हणाली, "मला बघायचीय ही अर्चना."

कंपनीचा फॅमिली डे होता. बायको इस्त्रीची साडी नेसून, तोंड घट्ट मिटून आली. मी लांबून मॅडम दाखवल्या. ती थेट तिकडे चालायला लागली. रफीक म्हणाला, "मैं तो सीढ़ी के पास खड़ा रहता हूँ. भागायला बरं पडतं."

जेवणाची रांग लागेपर्यंत दोघी शेजारी बसून खिदळत होत्या.

परतताना मी विचारलं, "मग? कशी वाटली?"

"खरंच हुशार आहे हो. तुम्ही उगीच जळता. तिच्याकडून शिका जरा."

तेव्हापासून घरात भाजीत मीठ किती इथपासून पोराच्या शाळेपर्यंत सगळं अर्चनाला विचारून ठरतं. त्यापेक्षा ती हिला सवत वाटली असती तरी परवडलं असतं!

*

सासऱ्यांचं राहूला गुऱ्हाळ आहे. मॅडमनी उसाचा रस गाळायचं मेम्ब्रेन काढलं. सर म्हणाले, "गवारे, तुझ्या सासऱ्यांकडे ट्रायल घेऊ." म्हणजे शोध त्यांचा, सासरे माझे!

तिथले गुळव्या दगडूआप्पा. कढईशेजारी उभं राहून रस कधी काढायचा, मळी कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. आम्ही पंप जोडला, फिल्टर लावला. हिरवट गढूळ रस आत गेला आणि पलीकडून सोनेरी, नितळ धार पडायला लागली. सासरे पुढं झाले. "आरं, काचंवानी!" म्हणाले. माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी असं म्हटलं नव्हतं.

दगडूआप्पा खांबाला टेकून उभे होते. तोंडावरची माशी उठत नव्हती.

थोड्या वेळानं धार बारीक झाली. मग करंगळीएवढी. मग थेंब थेंब. उसाचं मेण आणि माती भोकांत बसली होती. मॅडम घाईघाईनं पंप उलटा चालवून बघत होत्या आणि दगडूआप्पा ओरडले, "चोंदली! चोंदली!" त्यांनी ताजा गूळ काढून सगळ्यांना वाटायला घेतला. मजुरांना, ड्रायव्हरला, रस्त्यानं चाललेल्या माणसाला. मी दोनदा हात पुढं केला.

आप्पांनी तिसरा खडा माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"मी हसतुया ते ठीक हाय," म्हणाले. "माझं काम वाचलं. तुम्ही का हसताय, जावईबापू?"

*

दाते सर जळतात ते फक्त शेजारच्या कंपनीवर. नाव सांगत नाही. तेही मेम्ब्रेनच करतात.

पुण्याला प्रदर्शन होतं. सर तोंडाला मास्क लावून त्यांच्या स्टॉलवर गेले आणि टेबलावर पडलेला मेम्ब्रेनचा एक तुकडा गुपचूप खिशात टाकला. बाहेर पडताना दारात त्या कंपनीचे साहेब भेटले. त्यांच्याही तोंडाला मास्क! ते आमच्या स्टॉलकडून येत होते.

"काय, इकडे कुठं?"

"सहज. तुम्ही?"

"सहजच."

सोमवारी सरांनी तो तुकडा टेस्टला लावला. ओल्या मेम्ब्रेनखालून हवेचा दाब वाढवत न्यायचा. जितका दाब सहन करून पहिला बुडबुडा येईल, तितकी भोकं बारीक. दाब वाढत गेला. बुडबुडा येईना. सरांचा चेहरा पडत गेला. त्यांनी डबा उघडला नाही, चहा घेतला नाही. "बघा! लोक कुठं पोचले! आणि आपण बसलोय झाकणं लावत!" मला फार बरं वाटलं. मॅडमपेक्षा वरचढ कुणीतरी आहे तर!

मॅडमनी तुकडा काढून उजेडात धरला. "सर, कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय."

"काय?"

"माझं अक्षर आहे. हा आपलाच. त्यांच्या माणसानं आपल्या स्टॉलवरून उचलला असणार."

सरांनी तुकडा हातात घेऊन अक्षर बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे सकाळपासून मी आपल्यावरच जळतोय?"

*

आणि आता हा.

मॅडमना बडोद्याच्या कंपनीची ऑफर आली. त्यांनी राजीनामा दिला आणि रजा टाकून घरी गेल्या. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गवारे, तू दौंडला जा. घरी जाऊन समजाव. तुझं ऐकेल."

मी गेलो. खरं सांगतो, समजवायला गेलोच नव्हतो. वाटेत पाटसला गाडी थांबवून मिसळ खाल्ली, इतका खुशीत होतो. म्हटलं, जाऊ, चहा पिऊ, "मॅडम, प्रगती होतेय, अडवायचं कशाला," असं म्हणू आणि परत येऊ. झाकण, फोटो, कौतुक, सगळं बडोद्याला!

घर रेल्वे लाइनच्या जवळच. मॅडमचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले, दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी नाव सांगितलं. ते एकदम उभे राहिले.

"गवारे? तळेगावचे? तुम्हीच व्हय ते?"

"हो. का, मामा?"

"बसा, बसा. आवो, ह्या घरात सारखं तुमचं नाव निघतंय! पोरगी जेवायला बसली की तुमचंच. घास खाली उतरत न्हाई तिचा."

मी म्हटलं, "माझं काय निघतं?"

"काय म्हंजी? जळती की तुमच्यावर!"

तेवढ्यात मालगाडी आली. डबे संपता संपेनात. मी खुर्ची पुढं ओढली.

गाडी गेल्यावर ते म्हणाले, "ते काचेवर काय ओढता तुम्ही लोक, पट्टीनं. 'गवारे सरांनी एक हात मारला की कडेपासून कडेपर्यंत एकसारखा थर. मी शंभर काचा खराब करते,' असं म्हणती. 'रेसिपी माझी असती अण्णा, पण थर त्यांच्याच हाताला बसतो. दाते सर माझं कौतुक करतात तवा मला तोंड लपवावं वाटतं.' रडलीय हितं बसून! आता म्हणती, त्यांच्याशेजारी उभं राहून रोज हरायचं, त्यापेक्षा बडोदा बरं."

आतून भांड्यांचा आवाज आला. मॅडम चहा करत होत्या.

मी हळूच म्हटलं, "मामा, ते रडली म्हणालात ना, ते जरा परत सांगता?"

त्यांनी परत सांगितलं. सगळं. मी मान खाली घालून ऐकलं.

मॅडम चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. डोळ्यांखाली काळं आलेलं. वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय बोलणं झालं असेल ते त्यांना कळलं असावं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"सरांनी पाठवलं ना?" म्हणाल्या. "सांगा, काय सांगायचंय ते. माझं ठरलंय."

पाटसपासून पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. प्रगती होतेय, अडवायचं कशाला. मी कप उचलला, परत खाली ठेवला.

म्हटलं, "मॅडम, तुम्ही गेलात तर मी जळू कुणावर?"

अण्णांनी तोंड फिरवलं आणि रुळांकडे बघत बसले. मॅडम तशाच उभ्या. मग माझ्यासमोरचा कप उचलून आत चालायला लागल्या.

"हा गार झाला," म्हणाल्या. "बसा, दुसरा आणते."